फ्रीजरमधलं चिमूटभर बी

मोरा जेट्टीवर मासळी घेत होतो, तेव्हा सुनेचा फोन आला. "बाबा, आत्या गेल्या..." अडीच महिने झाले त्याला. त्याच सकाळी घरून निघताना माझ्या धाकट्या बहिणीनं, बेबीनं, विचारलं होतं, "दादा, कवा येशील?" मी दारातूनच खेकसलो, "येन कवा पन."

नवरा गेल्यापासून बेबी सानपाड्याला आमच्याच फ्लॅटमध्ये होती, सोबत तिची मांजर चिंगी. चिंगी म्हातारी झाली, दिवसभर कपाटाखाली पडून असायची. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅटनिपचा पाला हुंगायला द्या, खेळेल. सुनेनं बियाण्याचं पाकीट मागवलं. झाड म्हणे पुदिन्यासारखं, बी मात्र अगदी बारीक. बेबी चौथी शिकलेली, बोट ठेवून ठेवून वाचायची. "दादा, रातभर फ्रीजरमदी ठेवाचा, मंग पान्यात भिजवाचा न् वरवर पेराचा, असा लिवलाय."

"बी काय आईसक्रीम हाय? लिवनाऱ्यानं कदी भात लावलाय का? मना नको शिकवू."

मी दुसरीतून शाळा सोडलेली, पण नव्या शहरासाठी जमिनी जाईपर्यंत शेती केली, त्याची घमेंड. तिच्या हातातून पाकीट घेतलं, कुंडीत बोटभर खोल बी दाबलं, वर माती थोपटली. बेबी रोज खिडकीच्या ग्रिलमध्ये वाकून बघायची. तीन आठवडे झाले, कोंब नाही... "बीच खोटा," मी म्हणालो. "आसल, दादा," एवढंच ती बोलली.

तेराव्यानंतर सून फ्रीजर साफ करत होती. वाटाण्याच्या पिशवीमागून कागदाची पुडी निघाली. तिचा चेहरा उतरला. "बाबा, आत्यांनी आधीच अर्धं बी बाजूला काढलं होतं. म्हणायच्या, दादा मोऱ्याला गेला का पेरते, त्याचे समोर नको, त्याला वाईट वाटंल."

तेव्हा मला तिचं 'कवा येशील' कळलं. ग्रिलमधल्या कुंडीतली माती तिनं त्या सकाळी उकरून ठेवली होती, घरी परतल्यावर मी ती पाहिलीही होती. तिला एक सकाळ हवी होती, मी घरात नसलेली...

सुनेकडून पाकीट दोनदा वाचून घेतलं आणि लिहिलंय तसंच केलं. नवव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. आता झाड वीतभर आहे. चिंगी पान हुंगते, गाल घासते, उताणी लोळते. बघायला बेबी हवी होती. पाकीट मी टाकलं नाही, ग्रिललाच अडकवलंय. पाणी घालताना तिच्यासारखंच बोट ठेवून वाचतो, आणि 'वरवर' या शब्दावर बोट थांबतं.