झाकू का, टाकू का

मामाला आयुष्यात एकाच वस्तूचा मनापासून राग होता. झाकणाचा. माणसांवर तो सहसा चिडत नसे. मी चिडते, आणि दोघांच्या वाटचं चिडते. पण पालेभाजीच्या कढईवर कुणी झाकण ठेवलं की त्याचा पारा चढलाच. "अरे, भाजी आहे ती, चोर नाही. कोंडता कशाला तिला?"

शिवणकारखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही दोघं पंधरा वर्षं एका शेगडीपाशी उभे होतो. तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. तरुणपणी मालवाहू जहाजावर होता, तिथं एका म्हाताऱ्या चिनी आचाऱ्याकडून ही भाजी शिकला. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नसे. म्हाताऱ्याने मामाचा कान धरून कढईकडे वळवला, तोच पहिला धडा.

भाजी म्हणाल तर दोन मिनिटांची. कढई धूर येईस्तोवर तापवायची, तेल, ठेचलेला लसूण, आल्याचे काप, आधी पांढरे देठ, मग पानं. कडेने सोया सॉस, उतरवताना दोन थेंब तिळाचं तेल. कुणीही करेल. पण मामा ती कानाने करायचा. पानं पडली की कढई चर्र करते. तो आवाज जरा बसायला लागला की पानांना पाणी सुटणार. त्याच्या आत सॉस घालून उतरवायची. खदखद ऐकू आली तर समजावं, भाजी हातची गेली. मी सॉसची बाटली घेऊन शेजारी असायचे. "टाकू का?" मी दर घाण्याला विचारायचे. तो कान देऊन म्हणायचा, "थांब, बोलतेय ती अजून... हं, टाक."

गेल्या वर्षी भाजी बिघडायला लागली. वाटीत हिरवं पाणी. शिलाईच्या बायकांनी वाट्या तशाच परत पाठवल्या. कँटीनच्या मालकीणबाई म्हणाल्या, "सोमवारी मी स्वतः इथं उभी राहणार. नाही जमलं तर मामांनी शेगडी सोडावी, बसून भाजी निवडावी." मी मनातल्या मनात त्यांना चार शिव्या हासडल्या. उभ्या आयुष्यात ज्याने आच सोडली नाही, त्याला म्हणे बसवा!

शनिवारी त्याचं तोंड उतरलेलं बघून वाटलं, जरा चिडवावं. पानं कढईत पडली आणि मी विचारलं, "मामा, झाकू का?"

"हो, लवकर," तो म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय. पण तो कढईकडे डोळे लावून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो आकडे मोजत होता. पानं कधी ओली येतात, कधी कोरडी. आकड्यांचा काय उपयोग? आणि माझं "झाकू का" रोजचं "टाकू का" समजूनच त्याने हो म्हटलं होतं. मी गॅस बंद केला आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. "थंडीपासून. आधी लसूण गप्प झाला. मग पानं." आणि म्हणाला, "बाईंना सांगू नकोस." मला रडू आलं. मला सांगितलं नाही म्हणून रागही आला, पण तो मी गिळला.

सोमवारी मी डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला. बाईंना वाटलं असेल, म्हाताऱ्याला आधार देतेय. आवाज बसायला लागला की मी पाठ दाबायचे, तो सॉस मागायचा. चारही घाणे हिरवेगार उतरले. बाईंनी एक देठ कुरुमकुरुम चावून खाल्ला. "मामा, हाताला चव आहे हो तुमच्या! उगाच बोलले मी."

माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात या शहाण्याने उलथनं माझ्या हातात दिलं.

"बाई, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला, नको तेवढ्या मोठ्याने. "भाजी हिची आहे. माझ्या पाठीला विचारा."

मामा स्वतःच कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला आणि सुरी घेऊन देठ वेगळे करू लागला. असा संताप आला मला! वाचला होता ना! कोणी विचारलं होतं?

बाहेर जेवणाची घंटा झाली. मी कढई तापवली. लसूण, आलं, देठ. पानं टाकली आणि धूर वर आला. सॉसची बाटली एका हातात, उलथनं दुसऱ्या. सवयीने तोंडाशी "टाकू का" आलं, पण शेजारी कुणी नव्हतं.

स्टुलावरून मामाने मान वर केली. "काय म्हणतेय ती?"

मी कान दिला. मग त्याच्याकडे वळून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "थांब म्हणतेय."

त्याने सुरी खाली ठेवली आणि तो थांबला.