लेसरनंतर दिसलेला पहिला चेहरा

मित्रहो, आज सकाळी नागपुरात डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्यावरची संरक्षक लेन्स काढली. बुबुळावर पांढरे ठिपके साचत जाण्याचा आमच्या घराण्यातला आजार आहे. गेल्या आठवड्यात लेसरनं त्यांचा वरचा थर काढला होता.

तक्त्यावरच्या शेवटच्या ओळी अजून पुसटच आहेत. चष्म्याचा नंबरही बदलेल म्हणाले. पण शेजारी उभ्या असलेल्या बायकोचा चेहरा लख्ख दिसला, अगदी हनुवटीवरच्या तिळासकट.

"काय पाहून राहिले एवढं?" ती लाजून म्हणाली.

मला आई आठवली. तिलाही हाच आजार होता. सत्तरच्या दशकात तिला भिवापूरहून बसनं नागपूरला आणलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कुणी दान केलेला डोळा मिळाला, तरच काही करता येईल." हे लेसर तेव्हा नव्हतंच. आम्ही खूप वाट पाहिली, पण डोळा काही मिळाला नाही.

पुढे माझं लग्न झालं. आम्ही जोडीनं पाया पडलो. आईनं नव्या सुनेचा चेहरा उजेडाकडे वळवून बराच वेळ पाहिला आणि मला हळूच विचारलं, "कशी हाये गा सून? मले तं सारं धुक्यातच दिसते."

"लय छान हाये, आई."

"मंग तूच पाह्य पोटभर. माह्या वाटचंबी पाह्य."

आज ती असती, तर हात धरून तिला डॉक्टरांसमोरच्या त्याच खुर्चीत बसवलं असतं. तुम्हालाही काही चांगलं मिळालं, की आधी असंच कुणी आठवतं का?