लिदेतले दाणे

उद्या दुपारी माझी इत्तो भरल्या जत्रेत सख्ख्या मामाच्या घोड्याचा लगाम धरणार आहे. ती तसं म्हणाली आहे, आणि म्हणते ते ती करते. संध्याकाळपासून मला दुसरं काही सुचत नाही. पंधरा घोडे, पंधरा भरलेल्या बंदुका, आणि त्यांच्यासमोर माझी पोर.

इत्तो घोड्यांचे दात घासते. हे लोकांना सांगताना मी अजूनही जरा अडखळते. मोरोक्कोतल्या आमच्या खमिसेत गावात नालबंद आहेत, खोगिरं शिवणारे आहेत, पण दात घासणारं कुणी नव्हतं. खेचरांच्या एका दवाखान्यात सहा वर्षं राबून ती हे शिकली. आता आठवडी बाजारात लांब कानस, पाण्याची बादली आणि घोड्याचं तोंड उघडं ठेवणारा लोखंडी चाप घेऊन उभी असते. हात कोपरापर्यंत आत घालते.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. "आई, डोळे मिटून काय उभी राहतेस, बादली धर!" ती ओरडली. मग मलाच शिकवू लागली. घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद, म्हणून ते सारखे झिजत नाहीत. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गाल कापतात, खालच्यांच्या आतल्या कडा जीभ. वर्षातून एकदा तोंड तपासून त्या कडा घासाव्यात. नुसत्या जवावर घोडा ठेवू नये, दिवसभर चघळायला गवत द्यावं, म्हणजे दात झिजतात. एवढं सोपं आहे, आणि एवढंच कुणी करत नाही.

मालक काय सांगतो त्यावर ती फारशी विसंबत नाही. थेट घरातल्या बायकांकडे जाते. "मावशी, लिदेत अख्खे जव दिसतात का? गव्हाणीखाली चघळून टाकलेले गवताचे गोळे पडतात का?" दाढ दुखली की घोडा नीट चावत नाही, दाणे तसेच बाहेर पडतात. पुरुष घोड्यावर बसतात, तबेला झाडतात बायका. एक म्हातारी तिला म्हणाली होती, "चाळीस वर्षं झाडतेय, पोरी. लिदेबद्दल विचारणारी तू पहिलीच. आमच्या ह्यांनी तर कधी माझी तब्येतही विचारली नाही."

गेल्या रविवारी आम्ही बुअझ्झादादाकडे गेलो. दादा माझा थोरला भाऊ, जत्रेत एका ओळीत घोडे दौडवत बंदुकांचे बार काढणाऱ्या पथकाचा म्होरक्या. त्याचा करडा घोडा, अझरग, हल्ली दौडताना मान झटकतो, तोंड वर फेकतो. लोक टाळ्या वाजवतात. काय रग आहे, म्हणतात.

अंगणात पथकातले चौघे चहा पीत होते. इत्तोने अझरगच्या गालावर बाहेरूनच बोटं दाबली तसा तो मागे सरकला. तिने त्याचं तोंड हुंगलं, चाप लावून आत पाहिलं.

"मामा, मागची दाढ फुटलीय. तिच्या टोकाने गाल फाटलाय. तुम्ही लगाम ओढलात की गाल त्या टोकावर दाबला जातो. ही रग नाही, कळ आहे. टोक मी आत्ता घासून देते, पण तीन आठवडे लगाम नको."

"म्हणजे घोड्याची दाढ दुखते म्हणून म्होरक्याने जत्रेला घरी बसायचं?"

"दुसऱ्या घोड्यावर बसा."

"पोरी, माझे पण दोनच दात उरलेत. तेही बघून घे एकदा." चौघे खो खो हसले. दादा माझ्याकडे वळला. "शिकवलीस चांगली, राबहा. पण घोडा ओळखायला मांड लागते, कानस नाही."

"मामा, दौडीच्या शेवटी सगळे एकदम बार काढतात आणि घोडे जागीच थांबवतात. तुम्ही लगाम खेचणार, हा मागच्या पायांवर उभा राहणार, आणि शेजारचा स्वार तुमच्या अंगावर येणार."

"बास. ती कानस आत ठेव, चहा घे आणि गप बस."

मीही चहाचा पेला उचलला. खरं तर थोड्याच वेळापूर्वी मी हद्दावहिनीबरोबर तबेल्यात गेले होते. गव्हाणीखाली अर्धवट चघळलेले ओले गोळे पडले होते. ते टोपलीत भरता भरता वहिनी म्हणाली, "महिना झाला असंच चाललंय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, माजलाय तो खाऊन." लिदेत अख्खे दाणे होते. मी पाहिले. चारचौघांत भावाचा मान राहावा म्हणून बोलले नाही.

परतताना गाडीत इत्तोने विचारलं, "आई, तू मामीबरोबर तबेल्यात गेली होतीस ना?"

"वहिनीशी बोलत होते," म्हणत मी खिडकीची काच वर केली.

आज कानस पुसता पुसता ती म्हणाली, "मामा ऐकत नाही, तर मैदानातच लगाम धरीन. पुढे मला कुणी तबेल्यात घेतलं नाही तरी चालेल."

चालणार नाही, हे तिलाही माहीत आहे. भरल्या जत्रेत म्होरक्याला अडवणाऱ्या बाईला इथे कोण आपला घोडा दाखवेल? आणि तिने अडवलं नाही, तर माझा भाऊ त्या घोड्यावरून दौडणार.

दादा भाचीचं ऐकणार नाही. पण जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्याच्याच बायकोच्या टोपलीत पाहिलं, ते त्याला खोटं म्हणता येणार नाही. हे रविवारीच बोलायला हवं होतं, त्या चौघांसमोर. पोरीला एकटं पाडलं मी.

पावणेबारा झालेत. दादा झोपला असेल, चिडेल, जत्रेच्या आदल्या रात्री अपशकुन करतेस म्हणून ओरडेल. ओरडू दे. त्यालाच फोन लावते.