झाड क्रमांक ४३१

मी याद्या करणारी बाई. भुतंखेतं, संकेत, दृष्टान्त यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

२००६चा ऑक्टोबर, रविवार सकाळ, साडेनऊ. लंडनच्या हॅरोमधलं आमचं किचन. माझा धाकटा भाऊ सुहास मँचेस्टरला वनस्पतिशास्त्र शिकवायचा. तेव्हा तो उत्तर काँगोतल्या जंगलात होता – पावसाळ्यात जिथली नदी काठ सोडून मैलोन्मैल झाडांमध्ये पसरते, तिथे. प्रत्येक मोठ्या झाडावर नंबराचा बिल्ला ठोकायचा, घेर मोजायचा, वहीत लिहायचा, हे त्याचं काम. त्या दमट हवेत वह्यांना बुरशी लागते, म्हणून दर रविवारी सॅटेलाइट फोनवरून तो आठवड्याची यादी मला वाचून दाखवायचा. मी उतरवून घ्यायची. आधी यादी, मग गप्पा – बॅटरी वाचावी म्हणून हा नियम माझाच.

त्या दिवशी त्यानं ४१२पासून सुरुवात केली. आवाज नेहमीचा, मागे पाण्याचा. ४३० झालं.

"ताई, चारशे एकतीस. खोड पोकळ आहे. आत माणूस बसू शकतो."

"घेर सांग."

"मुळांच्या भिंती माझ्या डोक्याच्या वर गेल्यात गं. त्यांच्या वर मोजावा लागतो. हात पोचत नाही."

"मग चौकोन रिकामा ठेवते."

"ठेव. खाली सगळं पाणी झालंय. वरून ऊन येतच नाही. चारी बाजूंना सारखंच दिसतं..."

"सुहास, आधी यादी. बॅटरी जाईल."

"संपली यादी. लिहिलंस ना?"

"लिहिलं."

फोन बंद झाला.

सोमवारी त्याच सॅटेलाइट नंबरवरून त्यांच्या टीमच्या प्रमुख हेलनचा फोन आला. सुहास शुक्रवारपासून बेपत्ता होता. उरलेली झाडं मोजायला एकटाच पुढे गेला आणि मागून पाणी चढलं. दोन दिवस ते शोधत होते.

"पण काल तो माझ्याशी बोलला," मी म्हटलं. "याच फोनवरून."

"हा फोन शुक्रवारपासून माझ्या खिशात आहे," ती म्हणाली.

मी तिला यादी वाचून दाखवली. पाणी ओसरल्यावर त्यांनी ताडून पाहिली. ४१२ ते ४३०, प्रत्येक बिल्ला जागेवर, प्रत्येक घेर बरोबर. ती झाडं त्याच्याशिवाय कुणी मोजली नव्हती. ४३१चा बिल्ला मात्र कुठल्याच झाडावर नव्हता. दिसलं ते प्रत्येक पोकळ खोड त्यांनी पाहिलं. सुहास सापडला नाही. त्याची वहीसुद्धा नाही.

फोन कंपनीकडे त्या कॉलची नोंद नाही. स्वप्न म्हणावं, तर माझ्या अक्षरातली यादी समोर आहे. ते कसं झालं, याचं उत्तर शोधणं मी सोडून दिलंय. पण तो पाण्यात उभा राहून चारी बाजूंबद्दल सांगत होता, आणि मी घेर विचारला. कुठे आहेस, हे विचारलं नाही.

दर जानेवारीत राहिलेली कामं मी नव्या डायरीत उतरवते. पहिली ओळ अजून तीच असते – ४३१. पुढचा चौकोन रिकामा.