तीन अक्षरी आडवा शब्द

ती घटना आजही आठवते, आणि मुद्दाम आठवावी लागत नाही. सकाळी पेपरातल्या शब्दकोड्याचं पान उघडलं की ती समोर उभी राहते. आजवर मी ती नेहमी अर्धीच सांगत आलो. ऐकणारे म्हणायचे, वा साहेब, कोड्यावरून चोर धरला! मी हसून घ्यायचो. स्वेच्छानिवृत्तीला दोन वर्षं झाली. उरलेली अर्धी आता लिहून टाकतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका नदीकाठच्या गावी मी ठाण्याचा प्रभारी होतो. हजेरी होण्याआधी चहाबरोबर शब्दकोडं सोडवायचं, ही माझी रोजची सवय. त्या दिवशी पेपरानं सगळं कोडं संगीतावर दिलं होतं. राग, ताल, वाद्यं. माझं गाण्याचं ज्ञान म्हणजे नाट्यगृहाबाहेरच्या बंदोबस्तापुरतं. तरी हट्टानं बसलो. 'तंतुवाद्याचा नाद यातून खुलतो', तीन अक्षरं. मी शाईच्या पेनानं 'झंकार' लिहून टाकलं. त्यानंतर दोन उभे शब्द काही केल्या बसेनात. मग मी ते दोनच चुकीचे ठरवून खोडत बसलो.

तेवढ्यात फिर्याद आली. गावातल्या सत्तरीच्या, गाणं शिकवणाऱ्या एक बाई रोज साडेआठ ते साडेनऊ देवळात जात. शिष्य येतील म्हणून दाराला नुसती कडी असायची. परत येऊन पाहतात तर तानपुरा नाही. तो त्यांना त्यांच्या गुरूंनी दिलेला. पंचनामा करताना बाई एवढंच म्हणाल्या, "कालच सूर लागला होता हो त्याला."

आदल्या दिवशी मिरजेकडचा एक कारागीर येऊन तानपुरा दुरुस्त करून गेला होता आणि रात्री गावातच मुक्कामाला होता. आणि बाईंच्या समोरच्या घरातला माणूस स्वतःहून ठाण्यात आला. जुन्या वस्तू हॉटेलांना पुरवण्याचा त्याचा धंदा. म्हणाला, "साहेब, नऊच्या सुमाराला तो मिरजेचा बोळातनं निघाला. खांद्यावर ही मोठी खोळ." एवढी सरळ टीप क्वचित मिळते. मी साताऱ्याला फोन केला, तिथल्या स्टँडवर कारागीर एसटीतून उतरताच सापडला. खांद्यावर तानपुरा होता, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाचा, दुरुस्तीला नेलेला. मी म्हटलं, बाईंचा याने वाटेत कुणाकडे तरी दिला असणार.

त्याला दुपारी ठाण्यात आणलं. स्टेशन डायरीत नोंद केली नाही. 'जरा विचारपूस करू, मग बघू' ही आमच्या खात्यातली जुनी खोड, आणि मी ती चालवली.

पन्नाशीचा, शांत माणूस. नऊ वाजता कुठे होता, विचारलं. म्हणाला, इथल्याच स्टँडवर, कोडं सोडवत. हवालदार हसून म्हणाला, "लय शिकलेलं गिऱ्हाईक दिसतंय, साहेब."

"शिकलोय कुठं," तो म्हणाला. "चौथीत शाळा सुटली. गाडीला उशीर हुता. खिडकीतले साहेब कोडं वाचत हुते, त्यास्नी गाण्याचं काय येईना. त्यांनी वाचायचं, मी सांगायचं."

मला राहवलं नाही. टेबलाच्या खणातून माझा पेपर काढला आणि एकेक सूचना वाचायला लागलो. तो क्षणाचाही वेळ न घेता उत्तरं देत गेला. माझ्या रिकाम्या चौकटी भरत होत्या, आणि चौकशी बाजूला राहून मला गंमत वाटायला लागली होती, हे कबूल करतो. मग 'नाद यातून खुलतो' वाचलं. तो म्हणाला, "जवारी."

मी विचारलं, ते काय असतं? त्यानं दोन बोटं हवेत घासून दाखवली. तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, ती घोडी घासून घासून असा उतार द्यायचा की तार बोलायला लागते. ती जवारी. तेच त्याचं काम.

मी पेपरातला माझा शब्द पाहिला. शाईनं लिहिलेला. म्हटलं, चूक. इथे खोटं बोलतोस, म्हणजे बाकीचंही खोटं. आज हे वाक्य लिहितानाही लाज वाटते. त्याला आत नेलं. तळहातावर पट्टा बसला. घरी जाताना मी हवालदाराला सांगितलं, सकाळी पुन्हा बसवा, बोलेल.

दुसऱ्या दिवशी साडेसातला घरी पेपर आला. सवयीनं आधी कालचं उत्तर पाहिलं. जवारी. माझे खोडलेले दोन्ही उभे शब्द बरोबर होते.

मी स्टँडवर गेलो. लोकांना सांगताना मी म्हणायचो, त्याच्या जबाबाची खातरजमा करायला गेलो. खरं सांगायचं तर मला कुतूहल ओढून घेऊन गेलं. हा माणूस तिथे बसून कसा सोडवत होता, हे मला ऐकायचं होतं. खिडकीतल्या वाहतूक नियंत्रकानं चहा मागवला, हौसेनं सगळं सांगितलं. "आवं साहेब, काय माणूस हुता! एक शब्द अडू दिला न्हाई." मग कालचा पेपर काढला. कोडं पूर्ण भरलेलं. आणि समासात नियंत्रकाच्याच अक्षरात गाड्यांच्या वेळा. आलेली गाडी आधी हाताशी असलेल्या कागदावर टिपायची, सवड झाली की रजिस्टरात उतरवायची, ही त्याची पद्धत. साडेआठपासून पावणेदहापर्यंत सात गाड्या होत्या. मी विचारलं, या सगळ्या वेळेत तो उठला होता? "एकदा पाणी प्यायला. ते बी नळ ह्यो समोर."

म्हणजे नऊ वाजता तो बोळात नव्हता. म्हणजे टीप देणारा खोटं बोलत होता.

त्याच मिनिटाला ठाण्यात फोन करायला हवा होता. मोबाईल खिशात होता. केला नाही. कोड्याच्या उत्तरावरून मला हे कळलं, असं हवालदाराला कसं सांगायचं, याचा संकोच वाटला. शिवाय खरा चोर हातात घेऊनच जावं, म्हणजे कुणी विचारणार नाही. मी चहा संपवला, समोरच्या घरातल्या त्या माणसाला उचललं, पेपर पुढे ठेवला. वेळा वाचल्यावर, कारागीर नऊला स्टँडवरच होता हे कळून, त्यानं चोरी कबूल केली. घाटावरच्या थंड हवेच्या गावी एका हॉटेलाच्या भिंतीवर बाईंचा तानपुरा शोभेला टांगलेला मिळाला. मुद्देमाल जप्त, आरोपी अटकेत, वरिष्ठांची शाबासकी.

मी ठाण्यात परतलो तेव्हा कारागिराच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मोडलेलं होतं. ते मी चहा पीत होतो त्या तासात मोडलं. हात हवालदाराचा, हुकूम माझा. संध्याकाळी त्याला सोडलं. कागदावर तो कधी आलाच नव्हता, त्यामुळे सुटल्याचीही नोंद नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. त्यानं ओळखलं. मुलगी घोडी घासत होती, तो डोळे मिटून तार ऐकत होता आणि नुसतं "आणि जरा" म्हणत होता. ते बोट वाकत नाही. मी सगळं सांगितलं, साडेसातला पेपरात उत्तर दिसलं होतं तेही. त्यानं विचारलं, "तुमी काय लिवलं हुतं तितं?"

"झंकार."

"झंकार नंतरचा, साहेब. आधी जवारी लागती."

मुलगी मान वर न करता म्हणाली, साताऱ्याकडची गिऱ्हाईकं त्या दिवसापासून यायची बंद झाली. पोलिसांनी नेलेला माणूस, एवढंच लोकांना ठाऊक. तो म्हणाला, "माफीचं काय करू, साहेब? मी चोरी केली न्हवती, हे कागदावर कुटं हाय?"

कुठेच नव्हतं. मुलीच्या वहीतलं पान घेतलं आणि लिहिलं. तारीख, वेळ, कोंडून ठेवल्याचं, बोटाचं, माझ्या हुकमाचं. खाली नाव, हुद्दा, सही. बापाला वाचून दाखवताना ती बोटाच्या ओळीपाशी थांबली, आणि ती ओळ तिनं पुन्हा एकदा वाचली. पान आता त्यांच्या दुकानात लावलेलं आहे.

नोकरीत मी संशयितांना बोलतं करायला शिकलो होतो. आपण शाईनं लिहिलेला पहिला शब्द खोडायला या एका माणसानं शिकवलं, आणि त्याची फी त्यानं स्वतःच भरली. कोडं मी अजून रोज सोडवतो. पेन्सिलनं.