बिनचिमणीचा कारखाना

आमच्या शेडमध्ये प्रयोग फसला की किस्सा जन्माला यायचा, आणि प्रयोग आठवड्यातले चार दिवस तरी फसायचे. यश रिपोर्टात गेलं, किस्से माझ्याकडे राहिले. आता लग्नकार्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न तोच, "अगं, तुमच्या त्या जांभळ्या नळीचं सांग ना!"

तर २०१४ साली, पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हा, तलासरीहून वेवजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही हवेपासून खत करायला बसलो. मी केमिस्ट, रोज डहाणूहून जीपने यायचे. काचेची एक नळी, तिच्यात स्टीलचा गज, बाहेरून अर्थिंग केलेली जाळी. हजारो व्होल्ट दिले की नळीत जांभळा उजेड पसरतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. आभाळात वीज कडाडली की हवेतला नायट्रोजन जसा फुटतो, तसाच इथे फुटतो. फक्त आमची नळी हाताला कोमट लागते. आत कॅटलिस्टच्या पांढऱ्या गोळ्या भरल्या की कमी विजेत जास्त काम होतं. निघालेला वायू पाण्यात, ते पाणी चुन्याच्या टाकीत, आणि टाकीत पातळ खत तयार. भट्टी नाही, धूर नाही.

आमचे फाटक सर एका मोठ्या कारखान्यात पंचवीस वर्षं भट्टीशेजारी काढून, नोकरी सोडून इथे आले होते. म्हणायचे, "केमिकल बनवायला शेजाऱ्याला नाक दाबावं लागत नाही, हे मला मरायच्या आत दाखवायचंय."

पण शेड गावाच्या जागेवर होती. करार पाच वर्षांचा. पुढे ग्रामसभा हो म्हणाली तर ठीक, नाहीतर सामान टेम्पोत! आणि कंपनी म्हटलं की वास आणि बिघडलेली विहीर, एवढंच गावाला ठाऊक. सरांची पाच वर्षं त्या एका होकारावर टांगलेली होती.

•

नळीला कुठे फट पडली की वायू गळतो. त्यासाठी सरांनी बाहेरून भारी सेन्सर मागवला होता. पण झाईहून येणाऱ्या मंजूताई, ज्या आमच्याकडे साफसफाई आणि चहा बघायच्या, त्या गेटातूनच ओरडायच्या, "सर, तुमची नळी गळतेय हां!" सेन्सर त्यानंतर पाच मिनिटांनी वाजायचा.

मासळी विकणाऱ्या घरातली बाई. टोपलीवरून वाकली की बोंबील कालचा की परवाचा, सांगणार. सरांनी रजिस्टरात दोन रकाने आखले. एक "सेन्सर", दुसरा "मंजूताई".

एकदा सुरक्षा तपासणीला एक साहेब आले. त्यांनी रजिस्टर उलटंपालटं करून विचारलं, "ह्या दुसऱ्या उपकरणाचं कॅलिब्रेशन कुठे होतं?"

सर शांतपणे म्हणाले, "रोज सकाळी, झाईच्या बंदरावर."

•

डहाणूचे एक चिकूवाले बागायतदार नळी बघायला आले. हात लावा म्हटलं तर दहा मिनिटं लावेनात. शेवटी एक बोट टेकवलं, मग अख्खा तळवा ठेवला.

"एवढीच? माझा घरचा इन्व्हर्टर जास्त तापतो."

पुढची चार वर्षं येईल त्या पाहुण्याला सर हे वाक्य ऐकवत होते. डॉक्टरेट मिळाली तेव्हाही इतके खूश झाले नसतील.

•

हजारो व्होल्टचा मामला, म्हणून अर्थिंग चोख लागायचं. आमचे इलेक्ट्रिशियन जयेशभाई उंबरगावकडचे. त्यांनी शेडमागे खड्डा खणला, लोखंडी पाइप उभा केला, मीठ आणि कोळसा भरला आणि बजावलं, "रोज पाणी रेडवानुं. सुकला की खलास." आम्ही दोन दिवस पाणी घातलं आणि विसरलो.

उन्हाळ्यात जयेशभाई मीटर घेऊन आले, म्हणाले, "आज तुमची खैर नाय." मीटर लावला आणि बघतच राहिले. इतकं उत्तम अर्थिंग त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं!

मागे जाऊन बघतो तर पाइपाला हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं, आणि माती ओलीचिंब. पाड्यावरच्या बायका विहिरीवरून जाता-येता तांब्याभर पाणी वाहत होत्या.

मी म्हटलं, "सर, त्यांना समजावून सांगायचं का?"

जयेशभाईंनीच मला अडवलं. "बेन, काय पण बोलू नका. मी एवढा शिकवला, तुम्ही एक आठवडा पण नाय केला."

•

कॅटलिस्टच्या गोळ्या द्रावणात भिजवून ओव्हनमध्ये वाळवाव्या लागत. एकदा दोन दिवस वीज नव्हती. मंजूताईंनी गोळ्या परस्पर अंगणात चटईवर पसरल्या. तिसऱ्या दिवशी वीज आल्यावर त्या ओव्हनमध्ये भाजून नळीत भरल्या, तर खत नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं! सरांना वाटलं मीटर बिघडला. पुन्हा मोजलं, तेच.

"मंजूताई, गोळ्यांना काय लावलंत?"

"काय नाय ओ. जवळा वाळवते ना, त्याच चटईवर घातल्या. झटकली होती मी चटई."

जवळ्याचं, म्हणजे त्या बारीक सुक्या कोळंबीचं, मीठ गोळ्यांना लागलं होतं आणि कॅटलिस्टला ते मानवलं होतं. त्यानंतर गोळ्या मुद्दाम मिठाच्या पाण्यातून काढायला लागलो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तपासायला नमुना पाठवला. पार्सल मंजूताईंनी बांधलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, "दोन्ही नमुने उत्कृष्ट. पुढच्या वेळी कॅटलिस्ट आणि जवळा कृपया वेगळ्या पिशव्यांत पाठवावा."

•

परवानगीच्या एका अर्जात रकाना होता, चिमणीची उंची. आम्हाला चिमणीच नव्हती, तोच तर सगळा पराक्रम! पण संगणक शून्य घेईना. खिडकीतला माणूस म्हणाला, "काहीतरी टाका हो. चिमणीशिवाय कारखाना असतो का?"

शेडवर आकाशाकडे गेलेला एकच पाइप होता, संडासाच्या टाकीचा. सरांनी टेपने मोजून त्याची उंची लिहिली.

वर्षाने तपासणीला आलेले अधिकारी नेमके त्याच्याखाली उभे राहिले. "ह्यातून उत्सर्जन किती होतं?"

सर म्हणाले, "ते आत कोण आहे त्यावर आहे."

•

आणि मग २०१९. ग्रामसभा.

त्याआधी दोन वर्षं एक आकडा सरांना छळत होता. नळीतून निघालेला वायू मोजला की टाकीत अमुक इतकं खत व्हायला हवं. रोज कमीच भरायचं. पाइप बदलले, टाकी बदलली. सेन्सर गप्प, मंजूताईही म्हणायच्या, वास नाय. सरांची झोप उडाली होती. "कुठेतरी जमिनीत मुरत असेल तर? त्यांच्या विहिरीत जात असेल तर?"

मी बजावलं होतं, "सर, सभेत हे काढू नका."

शाळेच्या मैदानात अख्खं गाव बसलं होतं. सर उभे राहिले, नळीबद्दल छान बोलले आणि शेवटी म्हणाले, "एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. रोज थोडं खत कमी भरतं. ते कुठे जातं, मला सापडलेलं नाही."

कुजबुज सुरू झाली. एक म्हातारे गृहस्थ उठून निघालेसुद्धा. मला रडूच यायचं बाकी होतं. पाच वर्षं एका वाक्यात घालवली या माणसाने!

तेवढ्यात लक्ष्मण उभा राहिला. लक्ष्मण धोडी, आमचा ऑपरेटर, याच गावचा. पाच वर्षांत मी त्याला सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं.

"सर, ता गळत नाय. मी नेतो."

"काय नेतोस?"

"टाकीतला पानी. रोज सांजचे दोन कळश्या. टाकीच्या कडंचा गवत लय हिरवा दिसला, म्हनून वाडीत घातला. वांगी, गवार, समदा त्याच्यावरच हाय."

पुढे बसलेली एक म्हातारी सावकाश मागे वळली. "म्हंजे तुझे पोरीच्या लग्नात वांग्याची भाजी व्हती, ती?"

"तीच."

त्या लग्नात अख्खं गाव जेवलं होतं. मीसुद्धा! म्हातारीने हात वर केला. "माझा हो हाय. पन त्या टाकीतला पानी आता समद्यांना पायजे."

मागून एकेक हात वर जायला लागला. निघालेले म्हातारेही परत येऊन बसले. मी भरल्या डोळ्यांनी सरांकडे पाहिलं. त्यांचं सभेकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खिशातून वही काढली होती आणि ते लक्ष्मणच्या कानाशी वाकून विचारत होते,

"कळशी काठोकाठ भरायचास, की गळ्यापर्यंत?"