अर्जातलं पहिलं वाक्य आणि बाबांची खुर्ची

पतसंस्थेच्या कागदांवर न वाचता सह्या केल्या म्हणून मी आठ महिने कच्चा कैदी होतो. त्याआधी बावीस वर्षं पिंपळगाव बसवंतजवळच्या एका ग्रामपंचायतीत कारकून. तिथे मी एकच विद्या शिकलो, अर्ज लिहिण्याची. बराकीत ही बातमी पसरायला एक दुपार पुरली. सगळे मला भाऊसाहेब म्हणू लागले.

शेजारच्या सतरंजीवर सुरगाण्याकडचे एक बाबा होते. त्यांचे गुडघे वाकत नसत आणि संडास सगळे उकिडवं बसण्याचेच होते. त्यांनी तुरुंगाकडे कमोडची खुर्ची मागून चार महिने झाले होते. बाबा रोज आपली अर्धी चपाती मला देत. मीही महिनाभर आनंदाने खाल्ली, मग एकदाचं विचारलं, "बाबा, भूक नाही का?"

"भूक लय हाय. पर खाल्लं की जावं लागतं ना."

त्याच दिवशी मी थेट उच्च न्यायालयाला बारा पानी अर्ज लिहिला. न्यायालयाने तो याचिका म्हणून दाखल करून घेतला. आठवडाभर मी बराकीत छाती पुढे काढून फिरत होतो.

सुनावणी व्हिडिओवर झाली. बाबांना धरून उभं राहायला मला सोबत नेलं होतं. सरकारी वकिलांनी शांतपणे माझं पहिलंच वाक्य वाचलं : 'आपल्या तुरुंग प्रशासनाच्या कुशल मार्गदर्शनाखाली येथील सर्व सोयी उत्तम प्रकारे चालू असून...'

"अर्जदार स्वतःच समाधानी आहेत," ते म्हणाले.

काय सांगू, बावीस वर्षं प्रत्येक अर्ज असाच सुरू केला होता. नळाला पाणी नाही हे कळवायचं, तरी आधी पाणीपुरवठ्याचं कौतुक. हात आपोआप चालला.

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "भाऊसाहेब, तुमाला हितं बरंच मानवलंय."

न्यायमूर्ती बाई होत्या. "मी दुसरं पानही वाचलंय," त्या म्हणाल्या. "बाबा, तुम्ही बसून बोला."

"नको बाई. बसलो तर उठवाया दोघं लागतात."

"मग संडासला?"

"म्हनून तर जेवत नाय."

मग आदेश झाला : आठवड्याच्या आत खुर्ची, आणि असे आणखी किती कैदी आहेत ते जिल्हा न्यायाधीशांनी स्वतः तुरुंगात येऊन पाहायचं. पाहणीत आणखी सहा-सात म्हातारे निघाले.

खुर्ची पाचव्या दिवशी आली. पांढरी, प्लास्टिकची. त्या दुपारी मी सवयीने बाबांच्या ताटाकडे हात नेला. त्यांनी ताट पलीकडे सरकवलं.

"आता तुमची तुमी खा, भाऊसाहेब."